तिसरी रांग

टांगायचं नाही, बुसैना. हे आधी शिक.
मण्यांना वजन असतं.
हँगरवर ठेवलेला पोशाख एका उन्हाळ्यात
स्वतःच्याच ओझ्यानं वीतभर लांबतो,
खांद्यापाशी विरतो.
निजवायचा. आजारी माणसाला निजवतात तसा,
अंगाखाली काही टोचत नाही ना बघून.

आधी पिना.
नगफा दर नाचाला चार पिना मारते
आणि तीन काढते.
चौथी आत गंजते, आणि सॅटिनवर
चहाच्या थेंबाएवढा डाग ठेवून जाते.
तो माझ्या बापाच्यानंही निघत नाही,
आणि माझा बाप धोबी होता.

मग उलटा कर, अस्तर वर.
लोकांनी पाहिलेली बाजू खाली,
घामानं पाहिलेली वर.
पाण्यात बुडवायचा नाही. चोळीच्या आत पुठ्ठा आहे,
फुगला की पुन्हा बसत नाही.
त्या बाटलीत स्पिरिट आहे, निम्मं पाणी.
खालच्या मजल्यावरच्या हाजींना वास गेला
तर सांग, जखम पुसत्येय.
फारसं खोटं नाही ते.

फवार, आणि पंख्याखाली ठेव. गच्चीवर नाही.
कैरोचं ऊन आधी लाल रंग खातं,
मग बाकीचे.
आणि खमसीन सुटला की दारखिडक्यांच्या फटींत ओले टॉवेल.
ती धूळ मण्यांच्या भोकांत शिरते,
आतून दोरा कातरत बसते;
तुला कळतं ते नगफा बोटीवर गिरकी घेते तेव्हा,
पाहुण्यांच्या सूपमध्ये मणी पडतात तेव्हा.

प्लास्टिक नको. उशांचे जुने अभ्रे घे, सुती.
नाण्यांची झालर आणि चंदेरी जाळी
यांच्यामध्ये कापड घाल,
एकमेकींना लागल्या की दोघी काळ्या पडतात.
चार लवंगा, बास.

तो निळा गठ्ठा राहू दे.
तो शौकियाचा.

एका रात्री इथंच सोडला, याच टेबलावर.
म्हणाली, गुरुवारी नेते.
कुठला गुरुवार ते बोलली नाही.
नवऱ्याला नको होतं, असं ऐकलं; गुडघा गेला, असंही ऐकलं.
बारा वर्षं मी तो दर वसंतात उघडला,
फवारला, वाळवला, घडी घातली.
भाडं कोण देणार होतं त्याचं?

गेल्या हिवाळ्यात एक मुलगी आली, गदीर.
तांत्याला औषधांच्या दुकानात असते.
आई गेली, म्हणाली. घरात तिचा एक फोटो नाही
ज्यात ती उभी आहे आणि हसते आहे.
गठ्ठा सोडला. तिनं अस्तरात तोंड खुपसलं
आणि तशीच राहिली बराच वेळ.
मग म्हणाली, यात आईचा वास नाही.

बुसैना, मी काय सांगू तिला?
की मी माझं काम चोख केलं होतं?

कमरपट्टा उलटा केला.
कड्यांच्या तीन रांगा आहेत त्याला.
पहिली दुकानातून आली तेव्हाची.
दुसरी एका रमजाननंतरची.
तिसरी पार टोकाला, काळ्या दोऱ्यात,
कारण त्या रात्री निळा संपला होता
आणि खाली गाडी हॉर्न वाजवत होती.
तिला म्हटलं, ही तू आहेस.
पाच महिन्यांची. सगळं लग्न नाचलीस.

तिनं एकेका कडीवर बोट ठेवलं.
माझे टाके वाकडे होते, मला लाज वाटली.

नेला नाही तिनं. म्हणाली,
मावशी, पुढच्या खेपेला नेते.
मी काही म्हटलं नाही.

आता तो फवारत नाही मी.
उघडते, घडीची जागा बदलते,
नाहीतर एकाच जागी मोडून मोडून दोरा तिथंच तुटतो.
परत बांधते.

चल, नगफाचा घे. हात कोरडे आहेत ना?
पिना किती निघाल्या?
तीन?
मग शोध चौथी.